सैनिक, दुकानदार, स्वयंसेवक: अमेरिकेच्या लहान गावांतील एका पिढीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील लहान गावांचा सार्वजनिक इतिहास ज्यांच्या हातून घडला, त्यांच्या आयुष्याचा आलेख गावोगावी आश्चर्य वाटावे इतका सारखा आढळतो: विशीत सैन्यात भरती, तिशीच्या आसपास मुख्य रस्त्यावर स्वतःचे दुकान, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे अग्निशमन दल, ग्रंथालय, शाळामंडळ, चर्च आणि माजी सैनिकांची संघटना यांच्यासाठी बिनपगारी केलेले काम. या महायुद्धात सुमारे 1 कोटी 60 लाख अमेरिकी स्त्री-पुरुषांनी गणवेश चढवला, त्यांपैकी सुमारे 4 लाख 5 हजार मृत्यू पावले, आणि उरलेल्यांपैकी अनेकजण ज्या गावांतून गेले होते त्याच गावांत परतले. या पिढीच्या लोकसेवेची चर्चा बहुधा तिच्या चारित्र्याची स्तुती करून थांबते. चारित्र्य होतेच, परंतु त्या सेवेला एक आर्थिक पायाही होता आणि तो पाया म्हणजे स्वतःच्या मालकीचे दुकान, ही गोष्ट त्या स्तुतीत हरवून जाते. ते दुकान कोणाला उभारता आले, कोणाला उभारू दिले गेले नाही, आणि पुढे ते का बंद पडले, हे पाहिल्याशिवाय या पिढीचे सार्वजनिक आयुष्य नीट कळत नाही.

स्वयंसेवेची परंपरा अर्थातच या पिढीच्या कितीतरी आधीची होती. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना एकत्र करून ‘युनियन फायर कंपनी’ ही स्वयंसेवी अग्निशमन मंडळी उभारली होती, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिका पाहून गेलेला फ्रेंच विचारवंत तॉकव्हिल याला तेथील लोकांची कोणत्याही कामासाठी मंडळ स्थापन करण्याची सवय सर्वांत लक्षणीय वाटली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या सवयीला व्यापारी वळण मिळाले. 1905 मध्ये पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत रोटरी क्लब सुरू केला, तेव्हा प्रत्येक व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा असा दंडक होता, म्हणजे गावात दोन शिंपी किंवा दोन औषधविक्रेते असले तर एकालाच प्रवेश मिळे आणि बैठकीत स्पर्धक समोरासमोर येत नसत. 1915 मध्ये किवानिस आणि 1917 मध्ये लायन्स या संस्था निघाल्या. लायन्सला दृष्टिहीनांच्या कामाकडे वळवले ते 1925 मध्ये हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनाने. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही परिचित असलेली ही नावे मुळात अशा दुकानदार-वकील-डॉक्टरांच्या साप्ताहिक भोजनबैठकींतून वाढली, आणि परस्परांचा धंदा व गावाचे भले या दोन्ही गोष्टींची बोलणी तेथे एकाच टेबलावर होत असत.

पहिल्या महायुद्धानंतर या मंडळांच्या शेजारी माजी सैनिकांची संघटना येऊन उभी राहिली. ‘अमेरिकन लीजन’ची कल्पना 1919 च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये, अजून मायदेशी न परतलेल्या सैनिकांच्या बैठकीत मांडली गेली आणि त्याच वर्षी तिला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची सनद मिळाली. गावोगावच्या तिच्या शाखांना ‘पोस्ट’ म्हणत. पोस्टचे सभागृह म्हणजे लग्नसमारंभ, नाच, मतदान, रक्तदान अशा साऱ्या गोष्टींची हक्काची जागा. मुलांसाठी लीजनने चालवलेल्या बेसबॉल स्पर्धांची सुरुवात 1925 मध्ये दक्षिण डकोटातील मिलबँक या छोट्या गावच्या अधिवेशनात झाली, यावरून या संघटनेची मुळे कोणत्या मातीत होती हे लक्षात येते.

या सर्व व्यवहारात दुकानाची जागा काय होती, हे व्हर्जिनियातील बेडफर्ड आणि कॅन्ससमधील रसेल या दोन गावांवरून समजू शकते. बेडफर्डची वस्ती सुमारे 3,200 होती आणि तेथील ‘नॅशनल गार्ड’मधील, म्हणजे राज्याच्या राखीव दलातील तरुणांची तुकडी 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पहिल्या लाटेत होती, त्या एका दिवशी गावाने 19 तरुण गमावले. ही बातमी गावात आली ती ग्रीन्स ड्रगस्टोअर या दुकानात, कारण वेस्टर्न युनियन कंपनीचे तारयंत्र तेथेच ठेवलेले होते. ‘ड्रगस्टोअर’ म्हणजे औषधांच्या बरोबरीने सोडावॉटर, आइस्क्रीम, सिगार आणि मासिके विकणारे दुकान. त्याच्या लांबलचक काउंटरपुढच्या उंच स्टुलांवर गावातली माणसे कॉफी घेत बसत. 17 जुलैच्या सकाळी त्या यंत्रावरून एकामागून एक तारा उतरू लागल्या आणि त्या घरोघर पोचवण्यासाठी दुकानात असलेल्या गिऱ्हाइकांचीच मदत घ्यावी लागली.

रसेल गावच्या डॉसन ड्रगस्टोअरमध्ये शाळकरी वयात सोडा विकणारा बॉब डोल हा तरुण एप्रिल 1945 मध्ये इटलीत जबर जखमी झाला, त्याचा उजवा हात निकामी झाला आणि शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेर गेला, तेव्हा त्याच काउंटरवर सिगारची एक रिकामी पेटी ठेवण्यात आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यात नाणी आणि नोटा टाकून सुमारे 1,800 डॉलर जमवले. शिकागोचे शल्यविशारद डॉ. केलिकियन यांनी स्वतःचे शुल्क घेतले नाही, तरी रुग्णालयाचा खर्च भागवण्यास ती रक्कम कामी आली. डोल पुढे सिनेटर झाले आणि 1996 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार. त्या पेटीचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत भावनेपोटी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु संस्थात्मक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की गावाला वर्गणी गोळा करायची असली तर ती ठेवायची जागा ठरलेली होती आणि ती सरकारी कचेरी नव्हती. मराठी मुलखात चावडीला जे स्थान होते, तेच तेथे या काउंटरला होते.

परतलेल्या सैनिकाला अशा दुकानाचा मालक होण्याची वाट दाखवली ती 22 जून 1944 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या ‘सर्व्हिसमेन्स रीअॅडजस्टमेंट अॅक्ट’ने, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘जी.आय. बिला’ने. या कायद्यामागे एक कटू स्मृती होती. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांना 1924 मध्ये बोनस कबूल करण्यात आला, परंतु तो 1945 मध्ये मिळायचा होता. मंदीने पोळलेले हजारो माजी सैनिक 1932 मध्ये तो मागण्यासाठी वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले, तेव्हा त्यांच्यावर लष्कर घालून त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या. तसे पुन्हा घडू नये या चिंतेतून लीजनने पुढाकार घेतला आणि कॅन्ससच्या टोपीका शहरातील वकील हॅरी कॉल्मेरी यांनी मेफ्लॉवर हॉटेलच्या कागदांवर कायद्याचा पहिला मसुदा स्वतःच्या हाताने लिहून काढला. कायद्याने चार गोष्टी दिल्या: शिक्षण व प्रशिक्षणासाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंतचे शुल्क आणि त्यासोबत निर्वाहभत्ता, बेकारांना जास्तीत जास्त 52 आठवडे, आठवड्याला 20 डॉलर, घर, शेत किंवा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या निम्म्या रकमेला, परंतु 2,000 डॉलरच्या मर्यादेत, सरकारची हमी, आणि नोकरी शोधण्यास मदत. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख माजी सैनिकांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला आणि त्यांपैकी सुमारे 22 लाखच महाविद्यालयांत गेले. उरलेल्या 56 लाखांनी शाळा, व्यवसायशाळा किंवा प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण निवडले. रेडिओदुरुस्ती, घड्याळदुरुस्ती, हिशेबनिशी यांसारखी कामे शिकून गावात परतणारा हा मोठा वर्ग जी.आय. बिलाच्या लोकप्रिय कथेत महाविद्यालयीन पदवीधरांच्या मागे झाकला जातो. लहान गावांच्या दृष्टीने मात्र तोच अधिक मोलाचा होता.

दुकानदार माणूस सार्वजनिक कामाला मोकळा होता, कारण त्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात होता. स्वयंसेवी अग्निशमन दलात हे फार महत्त्वाचे ठरे. गावात भोंगा वाजला की हार्डवेअरवाला दुकान पत्नीच्या किंवा नोकराच्या हवाली करून पाच मिनिटांत बंबावर हजर होई, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही साहेबाची परवानगी लागत नसे. शिवाय त्याचा धंदा गावाच्या भरभराटीवर अवलंबून असल्याने रस्ता, शाळा, दवाखाना यांत त्याचा स्वतःचा स्वार्थही गुंतलेला असे. या स्वार्थामुळे त्याची सेवा खोटी ठरत नाही, उलट ती पन्नास वर्षे का टिकली याचे उत्तर त्यातच मिळते. लष्कराने त्याला आणखी एक गोष्ट दिली होती: अनोळखी माणसांबरोबर एखादे काम वाटून घेऊन शेवटास नेण्याची सवय. राज्यशास्त्रज्ञ सुझान मेटलर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले आहे, की जी.आय. बिलाचे शिक्षणविषयक लाभ घेतलेले सैनिक तसे लाभ न घेतलेल्या समवयस्कांपेक्षा अधिक संख्येने नागरी संस्थांत सामील झाले.

या साच्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे सॅम वॉल्टन. 1918 मध्ये जन्मलेल्या वॉल्टन यांनी युद्धकाळात लष्करात देशातच सुरक्षाविषयक काम केले आणि 1945 मध्ये स्वतःचे 5,000 व सासऱ्यांकडून उसने घेतलेले 20,000 डॉलर घालून आर्कान्सा राज्यातील न्यूपोर्ट गावी ‘बेन फ्रँकलिन’ नावाखाली चालणारे एक दुकान विकत घेतले. हे ‘व्हरायटी स्टोअर’, म्हणजे दोरे-सुयांपासून खेळण्यांपर्यंत किरकोळ जिन्नस ठेवणारे दुकान. नाव आणि बहुतेक माल बटलर ब्रदर्स ही घाऊक कंपनी पुरवी आणि मालकी स्थानिक माणसाची असे. वॉल्टन यांनी कंपनीला वगळून न्यूयॉर्कच्या एका दलालाकडून स्त्रियांची अंतर्वस्त्रे अडीच डॉलरऐवजी दोन डॉलर डझनाने आणली आणि डॉलरला तीनऐवजी चार विकली. नगामागचा नफा घटला, विक्री मात्र कितीतरी वाढली, आणि पाच वर्षांत दुकानाची वार्षिक उलाढाल 72,000 वरून अडीच लाख डॉलरवर गेली. त्याच काळात ते रोटरीत आणि व्यापारी मंडळात वावरत होते. मात्र भाडेपट्ट्याच्या करारात मुदत वाढवून घेण्याचे कलम नव्हते, जागामालकाला ते दुकान आपल्या मुलासाठी हवे होते, आणि 1950 मध्ये वॉल्टन यांना न्यूपोर्ट सोडून जेमतेम 3,000 वस्तीच्या बेंटनव्हिलमध्ये नव्याने सुरुवात करावी लागली.

वॉल्टन यांचे आयुष्य या पिढीचा आदर्श म्हणून अनेकदा मांडले जाते. त्याच काळात मिसिसिपी राज्यातील क्लीव्हलंड गावी अॅम्झी मूर हा सैनिक, दुकानदार आणि स्वयंसेवक असा तिहेरी परिचय असलेला दुसरा माणूस जगत होता, आणि इतिहासकाराने या दोघांकडे एकत्र पाहिले पाहिजे. मूर कृष्णवर्णीय होते. 1911 मध्ये त्यांचा जन्म झाला, 1935 पासून ते क्लीव्हलंडच्या टपाल कचेरीत सफाई कामगार होते, 1942 मध्ये लष्करात भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आले. लोकशाहीसाठी लढा, असे ज्या सैन्यात सांगितले जात होते, त्या सैन्यात काळ्या व गोऱ्या तुकड्या वेगळ्या होत्या. परतल्यावर मूर यांनी महामार्ग 61 लगत पेट्रोल पंप, उपाहारगृह आणि केशरचनेचे दुकान असा धंदा थाटला. राज्यभर पेट्रोल पंपांवरच्या प्रसाधनगृहांवर ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘काळ्यांसाठी’ अशा वेगळ्या पाट्या लावण्याचा शिरस्ता होता; मूर यांनी आपल्या पंपावर तशा पाट्या लावण्यास नकार दिला, आणि त्या एका नकाराने त्यांचा पंप साऱ्या परिसरात ओळखला जाऊ लागला.

जी.आय. बिलाची अंमलबजावणी स्थानिक बँका आणि स्थानिक कचेऱ्यांच्या हाती ठेवण्याचा आग्रह मिसिसिपीचेच काँग्रेस सदस्य जॉन रँकिन यांनी धरला होता, आणि त्याचे फळ काय मिळाले ते एका आकड्यात दिसते: 1947 मध्ये मिसिसिपीत सरकारी हमीने दिल्या गेलेल्या 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फक्त दोन आली. म्हणजे मूर यांच्यासारख्यांनी दुकान उभारले ते कायद्याच्या आधाराने कमी आणि त्याने केलेल्या वंचनेला तोंड देत अधिक. 1951 मध्ये त्यांनी डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्याबरोबर ‘रीजनल कौन्सिल ऑफ नीग्रो लीडरशिप’ ही संघटना स्थापन करण्यात भाग घेतला आणि 1955 मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ संघटनेच्या क्लीव्हलंड शाखेचे ते अध्यक्ष झाले.

त्यांचे विरोधक कोण होते हे पाहिले, की लहान गावातील नागरी मंडळांची दुसरी बाजू उघड होते. शाळांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या मे महिन्यात घटनाबाह्य ठरवला आणि दोनच महिन्यांत क्लीव्हलंडजवळच्या इंडियानोला गावात ‘सिटिझन्स कौन्सिल’ जन्मास आले. त्याचा संस्थापक रॉबर्ट पॅटरसन हाही महायुद्धातून परतलेला अधिकारी होता, आणि सभासदांत व्यापारी, बँकर, वकील, महापौर अशी प्रतिष्ठित मंडळी होती. त्यांचे हत्यार पैशाचे होते: मतदार म्हणून नाव नोंदवू पाहणाऱ्या किंवा शाळाप्रवेशाच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसाची उधारी बंद करणे, कर्ज तत्काळ परत मागणे, घाऊक माल न पुरवणे. जे दुकान माणसाला गावात उभे राहण्याची ताकद देत होते, तेच त्याला कोंडीत पकडण्याची जागाही ठरले. यावर तोड म्हणून हॉवर्ड व एन.ए.ए.सी.पी. यांच्या आवाहनावरून देशभरातील कृष्णवर्णीय संस्थांनी आपल्या ठेवी मेंफिसच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवल्या आणि त्यांतून अशा कोंडीत सापडलेल्यांना कर्जे दिली गेली. न्यूयॉर्कमध्ये एला बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या ‘इन फ्रेंडशिप’ या मदतमंडळाने मूर यांना हात दिला. टपाल खात्याची नोकरी केंद्र सरकारची असल्याने ती काढून घेणे स्थानिक विरोधकांना सोपे नव्हते, हाही त्यांचा मोठा आधार होता.

1960 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा तरुण शिक्षक बॉब मोझेस मूर यांच्याकडे आला. त्या वेळी विद्यार्थी चळवळीचे सारे लक्ष उपाहारगृहांतील धरणे आंदोलनांकडे होते. मूर यांनी मात्र, मिसिसिपीत आधी मताचा हक्क मिळवला पाहिजे, असा आग्रह धरला आणि डेल्टा भागात मतदार नोंदणी कशी करायची याचा आराखडा त्याच्यापुढे मांडला. पुढच्या काही वर्षांतल्या मिसिसिपीच्या मताधिकार मोहिमेची, आणि 1964 च्या ‘फ्रीडम समर’ची, म्हणजे शेकडो विद्यार्थी स्वयंसेवकांनी राज्यभर चालवलेल्या नोंदणी मोहिमेची मुळे या संभाषणांत आहेत. मूर यांचे 1982 मध्ये निधन झाले. लोकसेवेची जी व्याख्या रोटरीच्या भोजनबैठकीत होत होती तिच्यात मतदार नोंदणी बसत नव्हती; परंतु वेळ, पैसा, घर आणि जीव सार्वजनिक कामासाठी पणाला लावणे हीच कसोटी धरली, तर मूर यांच्यापुढे उभे राहू शकतील असे दुकानदार त्या पिढीत फार थोडे निघतील.

मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचा ऱ्हास मात्र काळ्या-गोऱ्या दोघांनाही भोगावा लागला. 1937 च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने उत्पादकाला आपल्या मालाची किमान विक्री किंमत ठरवता येत होती आणि त्यामुळे मोठ्या साखळी दुकानांना छोट्यांपेक्षा फार खाली उतरता येत नव्हते. हे संरक्षण न्यायालयांच्या निर्णयांनी सैल होत गेले आणि 1975 मध्ये रद्द झाले. 1956 च्या कायद्याने सुमारे 41,000 मैलांच्या महामार्गांचे जाळे आखले गेले आणि वाहतूक गावाला वळसा घालून जाऊ लागली. 2 जुलै 1962 रोजी वॉल्टन यांनी रॉजर्स गावात पहिले ‘वॉलमार्ट’ उघडले, ते मुद्दाम मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षित केलेल्या छोट्या गावांना गाठण्यासाठी. स्वस्त माल मिळाला याचे समाधान गावकऱ्यांना होते आणि ते खरेही होते. परंतु गावाबाहेरच्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाची बदली होत असे, त्याचे नफा-तोट्याचे निर्णय दुसऱ्या गावी होत, आणि भोंगा वाजल्यावर काउंटर सोडून जाण्याची मुभा त्याच्या नोकरांना नव्हती. स्वतः गावच्या दुकानदारांच्या मंडळात वाढलेल्या माणसाने त्या मंडळाचा पाया काढून घेतला. हेतुपुरस्सर नव्हे, पण परिणाम तोच झाला.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात अमेरिकी संस्थाजीवनाच्या ओहोटीचे मोठे कारण म्हणून ही कर्ती पिढी मावळण्याकडे बोट दाखवले. ते निदान महत्त्वाचे आहे, पण अपुरे वाटते, कारण पिढी बदलली तरी दुकाने राहिली असती तर त्यांच्या वारसांना तीच जागा आणि तीच मोकळीक मिळाली असती. शिवाय या मंडळांनी आपले दरवाजे फार उशिरा उघडले. युद्धात सुमारे साडेतीन लाख स्त्रियांनी लष्करी सेवा केली होती आणि गावांतील बहुतेक निधिसंकलनाचा भार स्त्रियाच वाहत होत्या, तरीही रोटरीत त्यांना प्रवेश मिळाला तो 1987 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर.

त्याच 1987 मध्ये ओहायोतील एका गावच्या सार्वजनिक मत्स्यभोजनात रॉजर डर्बिन या माजी सैनिकाने, जो टपाल वाटपाचे काम करीत असे, काँग्रेस सदस्य मार्सी कॅप्टर यांना गाठून विचारले, की या महायुद्धाचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये का नाही. त्या प्रश्नातून विधेयक निघाले, 1993 मध्ये कायदा झाला, बॉब डोल यांनी देणग्या गोळा करण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले आणि 29 मे 2004 रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले. डर्बिन चार वर्षे आधीच वारले होते. काँग्रेसच्या सदस्याला एखादा टपालवाला सहज गाठू शकेल असे गावजेवण हेही त्याच मंडळांच्या जगाचे अंग होते.

आज अमेरिकेतील अग्निशमन दलाच्या जवानांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्वयंसेवकच आहेत, आणि लहान गावांतील दलांची नेहमीची तक्रार दिवसाच्या मनुष्यबळाची असते. रात्री आणि रविवारी माणसे मिळतात. कामाच्या दिवशी दुपारी बाराला आग लागली तर गावात कोणी नसते, कारण कमावती माणसे तीस-चाळीस मैलांवरच्या नोकरीवर गेलेली असतात. म्हणून कित्येक ठिकाणी शेजारशेजारच्या गावांनी आपली दले एकत्र केली आहेत, तर काही ठिकाणी दिवसपाळीपुरते पगारी जवान नेमावे लागले आहेत.